कांदे, आक्का आणि भामरेकाकांची गाडी

आमच्या खालच्या मजल्यावर सावळीराम भामरे राहतात. मी त्यांच्याकडे लोणच्याची वाटी पाठवली, की ती घासून लख्ख होऊन आणि वर बेसनाचा एक लाडू घेऊनच परत येते. उभा जन्म सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेला. तिथे शेवटचं पातेलं चकचकीत झाल्याशिवाय त्यांनी कधी दिवा मालवला नाही. माणूस असा भिडस्त, की रिक्षावाला चुकीच्या गल्लीत शिरला तरी हे म्हणणार, "असू दे, इकडून पण जाता येतं."

निवृत्तीनंतर काकांनी गाडी घेतली ती स्वतःसाठी नाही. त्यांची थोरली बहीण, धोंडाबाई, नामपूरला असते. सगळे तिला आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यावर तिनेच काकांना वाढवलं. आता तिचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. "आक्काला दारातून दारात आणायचं," एवढंच काकांचं म्हणणं.

पण गाडीला ते मान्य नव्हतं. गंगापूर रोडवर भाजी आणायला, देवळात जायला अगदी शहाण्यासारखी चालायची. नामपूरहून येताना मात्र भावडबारीच्या घाटात पिकअप सोडायची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, गाडी गचके खायची आणि बंद. अर्धा तास झाडाखाली बसलं की पुन्हा सुरू, जसं काही घडलंच नाही. काका दर वेळी सर्व्हिस सेंटरला जात. तिथला सुपरवायझर शेखर हसून म्हणे, "सर, ट्रायल घेतली, गाडी मस्त आहे." कधी प्लग बदलले, कधी कसलासा सेन्सर साफ केला. काका त्याच्यासाठी चिवडा घेऊन जात आणि तेच उत्तर घेऊन परत येत.

या महिन्यात वॉरंटी संपणार होती. आणि त्यातच एक दिवस घाटात गाडी पुन्हा बसली, आत आक्का असताना. ती भरउन्हात बाहेर आली आणि म्हणाली, "सावळ्या, हाई गाडी शे का रुसेल नवरी? मी आता यस्टीनंच जासू." काकांच्या काळजाला ते लागलं. रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी लताकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली काका बादली, फडकं आणि खराटा घेऊन सज्ज. डिकीतून नामपूरहून आणलेल्या कांद्याची पहिली गोणी ओढत होते.

"काका, कुठे निघालात?"

"सर्व्हिस सेंटरला. शेवटचं एकदा दाखवतो."

"मग गोण्या का उतरवताय?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरकटी वाटी परत दिली होती. "अगं मोहिनी, लोकांच्या दारात अशी गाडी न्यायची? सगळीकडे कांद्याची सालं, आक्काच्या भाकरीचा चुरा. धुऊन, रिकामी करून, थंड झाली की नेतो. दर वेळी तसंच नेतो."

चिमटा माझ्या हातातच राहिला. मी तशीच खाली गेले.

"काका, ताप आला की तुम्ही तो उतरल्यावर डॉक्टरकडे जाता का?"

"म्हणजे?"

"गाडी भरलेली असते, तापलेली असते, चढावर असते, तेव्हा बंद पडते. तुम्ही ती रिकामी, गार आणि न्हाऊमाखू घालून नेता. शेखरला काय दिसणार, तुमचा चिवडा?"

ओट्यावर बसलेली आक्का खो खो हसली. "बरोबर बोलस ती. सावळ्या, तू गाडीले सासरी धाडत होता का दवाखान्यात?"

काका गोणीवर हात ठेवून उभेच राहिले. चेहऱ्यावर मोठी ओढाताण. शेवटी त्यांनी गोणी परत आत ढकलली, पण फडकं काही हातातून सुटेना. "निदान काच तरी पुसतो गं." लताकाकूंनी ते हिसकावून घेतलं.

मग आक्का म्हणाली, "गोण्या काल होत्या, मी बी काल होती. मी बी चालसू." आणि गुडघ्यांना शिव्या देत मागच्या सीटवर जाऊन बसली. लताकाकू बसल्या. मधली जागा रिकामी दिसली, तशी मलाही आत ओढलं. वजन म्हणून.

सर्व्हिस सेंटरच्या चकाचक फरशीवर आमची धुळकट गाडी थांबली तेव्हा काका मान खाली घालून उतरले. दार उघडताच कांद्याची सालं भुरभुरत बाहेर पडली. काका वाकून ती गोळा करायला लागले.

"राहू द्या सर," शेखर म्हणाला. "आज एवढं सामान?"

काकांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हे माफी मागणार. पण म्हणाले, "शेखरराव, आज ट्रायल अशीच घ्यायची. भरलेली. चढावर. आणि तुम्ही सोबत यायचं." आणि हलकेच पुढे, "गाडी घाण आहे, तेवढं सांभाळून घ्या."

शेखर चांगला मुलगा. त्याने बिघाड दाखवणारा स्कॅनर गाडीला जोडला आणि पुढे बसला. त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत गाडी सुरेख धावली. दुपारचं ऊन, मागे आम्ही तिघी, त्यामागे कांदे. काकांचा चेहरा पडत चालला. "आज पण चालणार बघ ही," ते पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा माणूस आपली गाडी बंद पडावी म्हणून देवाचं नाव घेत होता.

डोंगराकडे वर जाणारा रस्ता सुरू झाला. अर्ध्या चढावर गाडीने एक गचका खाल्ला. मग दुसरा. पिवळा दिवा लागला.

"लागला! लागला!" आक्का ओरडली.

गाडी बंद. काकांनी हँडब्रेक ओढला आणि शेखरच्या पाठीवर अशी थाप मारली, जणू नातवाने शर्यत जिंकली होती. "बंद पडली हो! बंद पडली!" वरून येणारा मोटारसायकलवाला आमच्याकडे बघतच गेला. बंद गाडीत चार माणसं टाळ्या वाजवताहेत, हे त्याने कुठे पाहिलं असणार?

शेखर मात्र स्कॅनरवर वाकला होता. "सर, पेट्रोलच्या टाकीतला पंप. तापला आणि लोड आला की प्रेशर सोडतोय. थंड झाला की पुन्हा ठीक. आमच्या ट्रायलला म्हणून कधी सापडला नाही." मग जरा ओशाळून म्हणाला, "आम्ही पण कधी विचारलं नाही, कुठे बंद पडते ते."

"आणि मी पण कधी भरलेली आणली नाही," काका लगेच म्हणाले. दोष वाटून घ्यायची त्यांची जुनी सवय.

पंप वॉरंटीत नवा बसला. गाडी परत आली ती धुतलेली. काकांनी शेखरच्या घरी कांद्याची एक गोणी पोचवलीच.

आक्काला मात्र अजून खात्री नव्हती. परतीच्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन, उतरायच्या तयारीनेच बसली. पुढचं लताकाकूंनी सांगितलं. भावडबारीचा घाट गाडीने एका दमात चढला. वर पोचल्यावर काकांनी सवयीने गाडी कडेला, त्याच झाडाखाली घेतली.

"आते काय झायं?" आक्का खवळली.

"काही नाही, आक्का. चहा पिऊ."

"चहा घरी भेटंस. चाल!" म्हणत आक्काने पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.