सुभेदारसाहेबांचा पॉइंट

जगातली कुठलीही दोन माणसं शेजारी उभी राहिली की त्यांची रांग होते, आणि रांग झाली की तिला शिस्त लागते, यावर आमच्या ऑफिसातल्या सुभेदारसाहेबांचा जेवढा विश्वास होता तेवढा कित्येकांचा देवावरही नसतो. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं लोटली होती, पण ती बातमी त्यांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. माणूस मूळचा मराठी मुलखातला, पण शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली, तिथल्याच मानसरोवर वसाहतीत फ्लॅट घेतला, आणि घरी बसणं काही जमेना. म्हणून शहराच्या कडेच्या झालाना भागातल्या आमच्या ऑफिसात, जिथं आम्ही दिवसभर विम्याच्या दाव्यांचे कागद तपासतो, तिथं ते प्रशासन अधिकारी म्हणून रुजू झाले. प्रशासन म्हणजे किल्ल्या, खुर्च्या, चहा आणि वॉचमन. सुभेदारसाहेबांनी त्याची छावणी करून टाकली. टेबलं दोरी लावून सरळ केली. आम्हा सगळ्यांना, बायकांसकट, ते 'जवान' म्हणत. कुंपणापलीकडे जंगल, त्यामुळे माकडं सारखी आत यायची. वॉचमन दगड मारून थकला होता, सुभेदारसाहेबांनी नुसतं "पीछे मुड़!" म्हटलं आणि माकडं खरोखर वळली. त्या जंगलात बिबटेही आहेत, म्हणून अंधारून आलं की काठी घेऊन ते आम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडत. "बिबट्या समोर आला तर काय कराल?" असं मी एकदा विचारलं. "आधी पास मागीन," ते म्हणाले, "बिनपासाचा आत येतोयच कसा त्यो?"

पण या सगळ्यावर कळस म्हणजे शनिवारचा दरबार. फौजेत म्हणे महिन्याकाठी सगळ्या जवानांना एकत्र उभं करून मोठा साहेब विचारतो, "कोई पॉइंट?" ज्याला काही सांगायचं असेल त्यानं पुढं यायचं आणि सांगायचं. सुभेदारसाहेबांनी ही पद्धत आमच्या पार्किंगमध्ये आणली. आम्ही रांगेत. समोर आमचे मॅनेजर, तिशीतले, स्वभावानं इतके मऊ की लिफ्टचं बटणही भीतभीत दाबायचे. सुभेदारसाहेब त्यांच्यासमोर बूट आपटून गरजत, "दरबार हाज़िर है, श्रीमान!" मॅनेजर दर शनिवारी नव्यानं दचकत आणि पुटपुटत, "कोई पॉइंट?" पॉइंट ठरलेले असत. एसी गळतोय. चहात साखर जास्त आहे. एकदा कोणीतरी चहात साखर कमी असल्याचाही पॉइंट मांडला होता, तेव्हा दोघांना समोरासमोर उभं करून सुभेदारसाहेबांनी तह घडवून आणला. आम्ही सगळे हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं गौरव हसायचा.

गौरव माझ्या पुढच्या टेबलावरचा. हजरजबाबी, मनमिळाऊ, साऱ्या मजल्याचा लाडका. मी सांगलीची; नवऱ्याची रेल्वेत इकडे बदली झाली म्हणून शास्त्रीनगरला बिऱ्हाड केलेलं. गौरवनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'मिसळपाव' ठेवलं. मीही हसले. मग माझ्या हिंदीची नक्कल सुरू झाली. मग मीटिंगची वेळ बदलली की सगळ्यांना कळायचं, मला नाही; मी धापा टाकत पोहोचले की, "लो, मिसलपाव गरम होकर आ गई!" मग टीमचा फोनवर एक नवा ग्रुप निघाला, मला वगळून. जेवायच्या टेबलावर माझ्या जागी कोणाची तरी बॅग बसू लागली. यातली एकही गोष्ट उठून तक्रार करावी एवढी मोठी नव्हती, हीच त्यातली खुबी. मला वाटायचं, आपणच हळवे. मी डबा घेऊन मागच्या जिन्यावर जाऊ लागले.

सुभेदारसाहेबांच्या राउंडमध्ये तो जिनाही होताच.

"आगं पोरी, हितं काय करतीयास?"

"हवा छान आहे इथं."

"मे महिन्यात?"

जयपूरच्या मे महिन्यात जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पोळी भाजता येते. ते खालच्या पायरीवर बसले, आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं, "पण ते गंमत करतात हो. कोणी वाईट नाही."

"गंमत झाली की दोघंबी हसत्यात. तू हसतीस का?"

"हसते."

"आन मग जिन्यावर यून रडतीस. ह्याला गंमत न्हाई म्हणत. ह्याला छळ म्हणत्यात."

तो शब्द तोवर माझ्या मनातही आला नव्हता. मी म्हटलं, महिनाअखेर नोकरीच सोडतेय, कोणाला काही बोलू नका. नोकरी पहिलीच, आणि मनापासून आवडलेली. या परक्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. सुभेदारसाहेब उठले, विजार झटकली. "तुझं नाव मी घेनार न्हाई. पर गप बसनं मला जमायचं न्हाई."

त्या शनिवारी बूट आपटला गेला, मॅनेजर दचकले, "कोई पॉइंट?" झालं. तेव्हा सुभेदारसाहेब आपली पुढची जागा सोडून रांगेच्या अगदी टोकाला गेले, तिथं सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "श्रीमान, मेरा पॉइंट है. इस दफ़्तर में एक साथी को रोज़ तंग किया जाता है. सब देखते हैं, बोलता कोई नहीं. मैंने भी देर से देखा. पहला जवाब मुझसे लिया जाए."

"अरे सर," गौरव हसत म्हणाला, "थोड़ा मज़ाक तो चलता है!"

"बिल्कुल चलता है. तो यहीं सुना दीजिए, साहब भी हँस लेंगे."

गौरवनं तोंड उघडलं. रोज कागद चाळता चाळता सहज सुचणारा विनोद रांगेत उभं राहून, साहेबासमोर सांगायचा म्हटल्यावर त्याचा त्यालाच नको झाला असावा. तोंड मिटलं. आणि माझे पाय पुढे सरकले. माझ्या अंगात एवढं धाडस होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"सर, वो मैं हूँ," मी म्हटलं, आणि मीटिंग, ग्रुप, बॅग, सगळं सांगितलं. माझी हिंदी नेहमीप्रमाणे निम्मी सांगलीत राहिलेली. मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्याला आमच्याच टीममधल्या पुष्पाजींनी गप्प केलं. "सर, ये सच कह रही है," त्या म्हणाल्या, "वो ग्रुप मेरे फ़ोन में है." मग कोपऱ्यातला मुकेश, जो एरवी फक्त एसीबद्दल बोलायचा, खाली बघत म्हणाला, "इनसे पहले मेरा नंबर था."

आमच्या मऊ मॅनेजरांनी त्या दिवशी पहिल्यांदा 'देखते हैं' म्हटलं नाही. एकेकाला वेगळं बोलावून ऐकून घेतलं, तो ग्रुप बंद केला, गौरवला दुसऱ्या मजल्यावर हलवलं. मीटिंगची वेळ फळ्यावर लागू लागली. काही आठवड्यांनी गौरव चहाच्या कपाकडे बघत मला 'सॉरी' म्हणाला. आमची काही मैत्री झाली नाही, पण मी नोकरी सोडली नाही. सुभेदारसाहेबांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "दरबार काय साखरंसाठी भरवतो व्हय आपन?" आणि माझी चप्पल पॉलिश केलेली नसल्याबद्दल मला झापलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, दोन शब्द बोला. ज्यांच्या आवाजानं माकडं माघारी फिरायची, त्या माणसाला एक शब्द फुटेना. ते नुसते ताठ उभे राहिले. मला ते बघवेना. मी उठले आणि त्यांच्या वतीनं बोलले, माझ्या त्याच निम्म्या सांगलीच्या हिंदीत. लोक हसले, पण बिबट्याच्या पासाच्या किश्श्याला हसले.

आता शनिवारची सभा वर हॉलमध्ये होते, खुर्च्या टाकून, चहा पीत. सोयीची आहे, उन्हाचा त्रास नाही. मला मात्र बसून बोलायला अजून जमत नाही. काही सांगायचं असलं की मी उभी राहते.