आईच्या पाठीवरचा हात

आईच्या मणक्यातली चकती सरकली आहे. ओरोसच्या डॉक्टरांनी तिला पुढे वाकायला सक्त मनाई केली आहे. तरी गावच्या देवळात योगवर्ग सुरू झाला तेव्हा ती शेजारणींबरोबर निघाली, आणि सुट्टी होती म्हणून मीही गेले. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, पण शिकल्यासवरल्या माणसासमोर माझी जीभ अजून अडखळते. तरीही वर्गाआधी मी योग शिकवणाऱ्या सरांना तिच्या पाठीचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्यांनी सगळ्यांना पाय पसरून अंगठे धरायला लावले. आई अर्ध्यावर थांबली. सर मागून आले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून दाबू लागले.

"काकू, भीती मनातून काढा. अजून खाली."

आईने ओठ मिटून घेतले. देवळात शिकवणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, असं ती मानते.

"हात काढा!" मी ओरडले.

"योगाने कुणाचं वाईट होत नाही."

"मग तिच्या डोळ्यांत पाणी कसलं?"

त्यांनी हात काढला आणि वर्ग संपवला. बायका रांगेने त्यांच्या पाया पडू लागल्या. आई कशीबशी उठली आणि तीही रांगेत शिरली. मला तिचाही राग आला. ती वाकणार तोच मी तिचा दंड धरला.

"सोड गो, लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत. तू वाकू नको, आये."

सर पाय जुळवून वाट बघत होते. शेवटी आईने उभ्यानेच हात जोडले. मी जोडले नाहीत.