हळद हाय, मॅडम

घरात एक बाळ आलं की किस्से आपोआप साठतात. वहिनीला दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा ठरलं, लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम बाळाला रोज व्हिडिओ कॉलवर बघतील. मी नर्सिंग अर्धवट सोडून झरीला परत आलेलो, म्हणून मोबाईल माझ्या हातात. मित्र हे किस्से ऐकून हसतात. मला आता जमत नाही.

*

पहिला कॉल. मोबाईलसमोर खुर्ची टाकून अण्णा बसले, म्हणजे माझे वडील.

"बाळ कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"आधी आमची तर वळख होऊ द्या."

वळख झाली. तोवर रेंज गेली.

*

दुसरा कॉल. "दिवसातून किती वेळा पाजता?" प्रश्न वहिनीला. पण समोर अण्णा, ती कशी बोलणार? आईच बोलली, "बक्कळ पिते की."

वहिनीनं पदराआडून मला तीन बोटं दाखवली. मी सांगायला हवं होतं. अण्णांपुढं मीही सूनच.

*

पाचवी पुजल्याशिवाय परक्याला बाळाचं तोंड दाखवायचं न्हाई, हा आईचा कायदा. तिसऱ्या कॉलला तिनं दुपट्यातून नुसते पाय बाहेर काढले.

"पाय पिवळे दिसतायत," मॅडम म्हणाल्या.

"हळद हाय. आत्ताच लावून न्हाऊ घातलंय."

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही नर्सिंगला होतात ना? नक्की हळदच?"

कावीळ तोंडापासून खाली उतरते, पायापर्यंत आली तर थांबायचं नसतं, हे पहिल्याच वर्षाला शिकवलेलं. मी आईकडं बघितलं.

"हो मॅडम, हळदच."

*

दुसऱ्या दिवशी वहिनी ओल्या फडक्यानं पोरीचे तळवे पुसत बसलेली. पुसायची, फडकं बघायची, परत पुसायची.

"भावजी, फडकं पांढरंच हाय."

परभणीला नेलं. पोरगी निळ्या लाईटखाली, रक्त बदलावं लागलं. बाहेर बाकावर आई हळहळत होती, "पाचवी राहिली की वो."

जीव वाचला. सुटी देताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "एवढी कावीळ कानावर जाऊ शकते, हिच्या कानाकडं लक्ष ठेवा."

*

परवा पोरीला तीन महिने झाले, म्हणून कॉल होता.

"मोठा आवाज झाला की दचकते का?"

वहिनी आता अण्णांसमोरही बोलते. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"मॅडम, लय गुणाची पोरगी हाय. काल उशाशी पितळी पातेलं पडलं, तरी झोप मोडली न्हाई तिची."