दह्याचा केक

वर्धा स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत धाकटी बहीण शांता माझ्याशेजारी डब्यातच बसून होती. घंटा झाल्यावर बाबांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. माय घरीच राहिली होती. केळझरहून वर्ध्यापर्यंत मोटारीत बसलं की तिला ओकाऱ्या व्हायच्या. बाबा गावच्या शाळेत मास्तर, फारसे बोलायचे नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तिथं तिथल्यासारखी राह्यजो. पण खाणंपिणं आपलंच ठेवजो." लग्नाला महिना झाला होता. नवरा जबलपूरला सरकारी कारखान्यात कारकून. इटारसीला गाडी बदलायची, एवढाच माझा भूगोल. तेव्हा वर्धा आणि जबलपूर एकाच राज्यात होती, म्हणून फार लांब चालल्यासारखं वाटलं नाही.

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. शेजारी मार्थाबाई राहायच्या, इस्पितळात नर्स. पहिल्या नाताळात त्यांनी केकची बशी पाठवली आणि दारातच सांगितलं की यात अंडं आहे. मी ती परत केली. त्या रागावल्या नाहीत. आठवड्याने मला बोलावून म्हणाल्या, "बेटी, दही डालकर सिखाती हूँ। तू भी खा सके, ऐसा।"

तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या घरून निघून परमुलखात आल्या असतील, त्यांना सांगते, हे काही अवघड नाही. भट्टी लागत नाही. शेगडीवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचा, तळाशी रेती पसरून ती चांगली तापवायची. लोणी आणि पिठीसाखर हाताने फेसायची, पांढरी होईपर्यंत. मग मैदा, घट्ट दही, लागेल तसं दूध. सोडा अगदी शेवटी, कारण तो घातला की थांबायचं नाही. मिश्रण लगेच तुपाचा हात लावलेल्या डब्यात ओतायचं आणि डबा रेतीवर. गंजावर झाकण, झाकणावर निखारे. विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की झालं. माझा पहिला केक मधोमध बसला. "पहली बार में किसी का नहीं फूलता," मार्थाबाई म्हणाल्या आणि तोच आवडीने खाल्ला. पुढे मी त्यात संत्र्याच्या सालीचा कीस घालायला लागले. तो मात्र आमच्या मुलखाचा.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात माहेरी गेले, तेव्हा शांतेला बघायला हिंगणघाटची मंडळी येणार होती. मुलगा कचेरीत होता, दिसायला बरा. शांतेने त्याला एकदा वर्ध्याच्या एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी केकचं वर्णन केलं आणि ती हटूनच बसली. "ताई, मले शिकव. पोहे त सगळ्याच पोरी करतात. मी काही नवं करून ठेवतो त्याईच्या समोर."

म्हणून केला. लोणी तिने फेसलं, दही तिनेच घातलं, संत्र्याची साल किसताना तिची बोटं सोलवटली. मी फक्त निखारे सांभाळले. केक असा फुगला की माय चुलीपुढून उठून बघायला आली.

मंडळी बसली. शांतेने बशा ठेवल्या. मुलाने एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला. तेवढ्यात त्याची आत्या म्हणाली, "हे काय व्हय?"

"केक," मी म्हटलं. "दह्याचा. अंडं नाही यात."

"अंड्याबिगर कधी केक होते काय? आमाले काय येडं समजून राह्यली?" तिने बशी दूर सरकवली. मुलाने हातातला तुकडा खाली ठेवला.

बाबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघेनात; शांतेकडे वळले. "शांते, तू होती ना संगं? सांग याईले."

शांता मान खाली घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते, बाबा बघत होते, सगळी बैठक बघत होती. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला.

दोन दिवसांनी मध्यस्थ नकार घेऊन आला. बाबा मला म्हणाले, "तुह्या जबलपुरानं माह्या पोरीचं लगन मोडलं." मी देवाची शपथ घेतली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मायने उरलेला केक गाईपुढे टाकला, गंज राखेने तीनतीनदा घासला, आणि निघताना माझ्या कपाळाला कुंकू लावत हळूच म्हणाली, "आता बोलावलं तवाच येजो."

बोलावणं आलं नाही. शांतेचं लग्न आर्वीच्या एका बिजवराशी झालं, हे वर्ध्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने कारखान्यात ह्यांना सांगितलं, तेव्हा मला कळलं. बाबा गेल्याचंही तसंच, तेरवी उरकल्यावर. मधल्या काळात राज्यांची वाटणी झाली, वर्धा एकीकडे आणि जबलपूर दुसरीकडे गेलं. लोक नकाशावरून भांडत होते. माझी सरहद्द त्याआधीच पडली होती.

मग एकदा नर्मदेच्या स्नानाला आलेली शांता पत्ता विचारत दारात उभी राहिली. वाळली होती. नवरा घाटावर थांबला होता. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि इतकी वर्षं घोकलेला प्रश्न विचारला. "तवा काऊन नाई बोलली?"

ती रडली नाही. "बोलली असती त बाबानं मलेबी तुह्यातच धरलं असतं. तुले जायले जबलपूर होतं, ताई. मले कुठं होतं?"

मला राग आणायचा होता, तो आला नाही. क्षमाही आली नाही. तिला वाढलं, ती भुकेली होती, पोटभर जेवली. जेवता जेवता माझ्या दोन खोल्या न्याहाळत होती, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीचे पडदे. "साजरं घर आहे तुहं," म्हणाली.

त्याच आठवड्यात ह्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. क्वार्टर कारखान्याचं, महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. नव्या ठिकाणी घर मिळेल की नाही, ठाऊक नव्हतं. आणि ते ठरेपर्यंत मुलांना घेऊन चार दिवस राहावं असं दार साऱ्या वर्धा जिल्ह्यात मला एकही उरलं नव्हतं.

हे मी शांतेला सांगितलं नाही. तिला वाटत होतं, मला जायला जागा आहे. तसंच वाटू दिलं.