त्या दिवशी मी गप्प बसले नाही

बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरातच माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ठाकूरद्वारला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना उतरायला बंदी, म्हणजे सगळंच बंद. लग्न मी केलं नाही, आईवडील केव्हाच गेले. तेव्हा रोज येणारा एकच माणूस होता, माझा भाचा. लालबागला राहणाऱ्या माझ्या दादाचा मुलगा. तिशीचा, परळच्या एका विमा ऑफिसात कामाला. ऑफिस सुटलं की वहिनीने दिलेला डबा घेऊन यायचा आणि माझं जेवण होईपर्यंत फोनवर पत्ते खेळत बसायचा.

"रमी का रे?" मी एकदा विचारलं.

"पोकर. शिकवू? तुला जमेल आत्या. तुझं डोकं चालेल यात."

पत्ते मला नवीन नव्हते. वडील गिरणीत होते आणि गणपतीच्या जागरणाला आमच्याकडे पत्त्यांचे डाव पडायचे. मेंढीकोटात मी चांगल्या चांगल्या काकांना रडवलेलं. पण पोकर निराळं. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांसमोर उघडे, आणि समोरचा किती पैसे लावतो, किती वेळ विचार करतो, यावरून त्याच्या हातात काय असेल ते ओळखायचं. मी आयुष्यभर कर्ज मागायला आलेल्यांचे चेहरे वाचले होते. इथे चेहरेही नव्हते, तरी वाचता येत होतं. गंमत वाटायला लागली.

पुढे गुडघा बरा झाला, पण भाच्याचा डबा आणि खेळ दोन्ही राहिले. दुपारी जेवण आटपलं की तासभर मी फोन घेऊन खिडकीत बसायची. अगदी लहान रकमांचा खेळ, महिन्याला नाटकाच्या तिकिटांवर जेवढे गेले असते तेवढ्यातच. तिथे मी बाईचं नाव घेतलं नव्हतं. सगळे मला भाऊ म्हणायचे. "भाऊ, क्या फोल्ड किया!" असं, मी वेळेत पत्ते टाकून डाव सोडल्यावर, कुणी लिहिलं की मी एकटीच हसायची. एवढं कौतुक बँकेत तीस-बत्तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. ही गोष्ट फक्त मला आणि भाच्याला ठाऊक होती. लपवायचं असं ठरवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं. निवृत्त बाई, संकष्टी करते, वाडीतल्या मुलींना फुकट गणित शिकवते. तिने पोकर खेळते म्हणून कुणाला आणि कसं सांगायचं?

मग बातमी आली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा येणार. खेळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात मी आणि भाचा दोघंही होतो. सकाळपासून तो नुसता पेटला होता. कुणी म्हणे कोर्टात जाऊ, हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे. कुणी म्हणे गोव्याला चला. कुणी परदेशी साइटींची नावं पाठवत होता. एकाने लिहिलं, "घरी सांगितलंय सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. आता काय सांगू?" आणखी एकाने लिहिलं, "बरं झालं. माझ्या हातून सुटतच नव्हतं." त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

मला मात्र स्फुरण चढलं. भाऊच्या नावाने मी लांबलचक मेसेज लिहिला. आपण तोंड लपवतो म्हणून लोक आपल्याला जुगारी म्हणतात. सरकारचं जाऊ द्या, आधी आपापल्या घरी तरी ताठ मानेने सांगा, आम्ही खेळतो, डोक्याने खेळतो, ऐपत बघून खेळतो. अंगठ्यांची रांग लागली. भाच्याने लाल बदाम टाकला.

त्याच दिवशी दुपारी मी लालबागला गेले. गणपती आठवड्यावर आले होते आणि दादाकडे मखराचं काम काढलं होतं. जुनी चाळ पडून आता टॉवर झालाय, बाविसाव्या मजल्यावर दादाची जागा आहे. पण गणपतीची तयारी अजून चाळीसारखीच, सगळं हॉलभर पसरलेलं. भाचा जमिनीवर बसून कागदी कमळं कापत होता, वहिनी आणि मी करंज्या भरत होतो, दादा सोफ्यावर. टीव्ही चालू होता. त्यात कुठल्याशा मुलाने अशा खेळात सगळं घालवून घर सोडल्याचं दाखवत होते.

"बंदच केलं पायजे," दादा म्हणाला. "फोडून काढला पायजे एकेकाला."

भाच्याने कात्री खाली ठेवली. आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, मी पण खेळतो."

दादाला आधी कळलंच नाही. "काय खेळतोस?"

"पोकर. पैसे लावून. पण तो जुगार नाही बाबा. मी हिशोबात खेळतो, कुणाकडून कधी उसने घेतले नाहीत. मी समजावून सांगतो तुम्हाला."

दादा चिडला की मालवणीवर येतो. "माझ्या घरात रवान जुगार खेळतंस? तुका लाज नाय वाटणा? माझो बापूस गिरणीच्या संपात उपाशी रवलो, पण कोणाच्या पत्त्याक शिवलो नाय!"

हे काही खरं नव्हतं. संपाच्या काळात गल्लीत पत्त्यांशिवाय दुसरं काय होतं? पण वहिनी रडायला लागली होती. "कोणाच्या नादाला लागलास रे?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि दादा माझ्याकडे वळला. "तूच सांग याला. तू बँकेतली. तुझंच ऐकतो तो."

भाचा माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता. उलट जरासा हसल्यासारखा, आता आत्या बोलेल, अशा चेहऱ्याने.

मी करंजीची कड मुडपत होते. मी म्हटलं, "दादाचं बरोबर आहे. असली व्यसनं बंदच व्हायला हवीत. तू शिकलेला मुलगा, तुला कळायला नको?"

आवाज माझाच होता, वर्गात मुलींना रागवते तसा, ठाम. बोलताना जराही अडखळले नाही, ते मला आजही सहन होत नाही.

"हो आत्या," तो म्हणाला आणि कात्री उचलली. संध्याकाळपर्यंत त्याने उरलेली सगळी कमळं कापली. मला खाली टॅक्सीपर्यंत सोडायला नेहमीसारखा आला, दार लावलं आणि लगेच वळला. घरी पोचून फोन बघितला तर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता. माझा सकाळचा मेसेज अजून तिथेच होता आणि लोक त्याखाली लिहीत होते, "भाऊ, बरोबर बोललात."

मी त्याला दोनदा फोन केला. उचलला नाही. डबा घेऊनही आला नाही, "ऑफिसात काम आहे हो त्याला," वहिनी म्हणाली. इकडे कायदा पास झाला, टेबलं बंद झाली. अॅप उघडलं की फक्त सूचना यायची, खेळ थांबवले आहेत, आपली शिल्लक काढून घ्या. मला खेळ गेल्याचं वाटायला हवं होतं. पण डोळ्यासमोर तो कात्री उचलतानाचा हातच यायचा.

गणपती बसले त्या दिवशी, आरती झाल्यावर, मी दादा-वहिनीला आतल्या खोलीत बोलावलं. "मला सांगायचंय काही. मीही खेळत होते. याच्याबरोबर. रोज दुपारी."

दादा मोठ्याने हसला. "तू? आणि पोकर?"

"खरंच. हे बघ." मी फोन पुढे केला. त्याच्याकडे चष्मा नव्हता. डोळे बारीक करून सूचना वाचायला गेला. "शिल्लक? हे बँकेचं काय?"

मी समजावून सांगितलं, तिथलं माझं नावही सांगितलं. पण ते नाव पुरुषाचं होतं, त्याला वाटलं फोन भाच्याने वापरला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "लहानपणापासून पाठीशी घालत आलीस त्याला. आता त्याचं पाप पण स्वतःवर घेतेस?" वहिनीने डोळ्याला पदर लावला. "वन्सं, तुमच्यासारखी आत्या सगळ्यांना मिळो."

भाचा दारात उभा होता, प्रसादाची वाटी घेऊन. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याला गॅलरीत गाठलं.

"मी सांगितलं रे त्यांना. त्यांना पटत नाही."

"ऐकलं." खाली मिरवणुकीचे ढोल चालले होते, तो तिकडे बघत होता. "आता कशाला आत्या? त्या दिवशी नुसती गप्प बसली असतीस तरी चाललं असतं."

पुढे त्याने माझगावला मित्राबरोबर जागा घेतली. बापलेकांचं हळूहळू ठीक झालं. नोकरी चालू आहे, खेळतो की नाही ते मी विचारलेलं नाही.

हिवाळ्यात दादरला एका हॉलमध्ये चुलत भाचीचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत दादा सगळ्यांना तीच गोष्ट सांगत होता. पोरगा जुगारात अडकला होता, आणि ही माझी बहीण, आयुष्यात एक रुपया लावला नसेल, म्हणते मीच खेळत होते! मी मध्येच म्हटलं, "अरे, खरंच खेळत होते." सगळे हसले. एका काकूने माझी अलाबला काढली.

तेवढ्यात भाचा खुर्ची घेऊन आला. माझ्या गुडघ्याला उभं राहणं सोसत नाही, हे त्याच्या लक्षात होतं. खुर्ची पुसून माझ्यामागे ठेवली आणि म्हणाला, "तुम्ही बसा आत्या. मी ताट आणतो तुमचं."

काकू म्हणाली, "बघा, किती सुधारला."

मी बसले. त्याने आणलेलं ताट मांडीवर घेतलं, त्यात काय काय वाढलं होतं ते बघत राहिले. लहानपणापासून तो मला तू म्हणत आला होता.