दाजींचा ठोकळा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शूटिंग रेंजवर त्यांचीच वाट बघत उभा होतो. रविवारची सकाळ. दाजींना उशीर होणं म्हणजे नवलच, त्यामुळे आल्या आल्या त्यांना काय काय ऐकवायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन... चहाचा कप हातात घेतला आणि तसेच मागं टेकले, म्हणाली. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की आता हे टोमणे कुणाला मारायचे? महिना उलटून गेला. त्या टोमण्यांतले दोन-तीन फार झकास होते, याची हळहळ अजून जात नाही.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं टूलरूम होतं. आजूबाजूच्या कारखान्यांना लागणारे साचे आणि मापं तपासायची गेजं ते बनवत. सहा दिवस लोखंडाशी झटापट आणि सातव्या दिवशी पिस्तूल, असा त्यांचा आठवडा. नेमबाजीचा हा नाद त्यांनीच मला लावला आणि ताईच्या शिव्या मात्र दोघांनी वाटून घेतल्या. त्यातही त्यांना विकतची काडतुसं पसंत नसत. रीतसर परवाना काढून ते स्वतःची काडतुसं स्वतः भरत. वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, मापात आणायच्या आणि पुन्हा भरायच्या. हे चालू असताना घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंही नाही. मला त्यांनी उभ्या आयुष्यात नावानं हाक मारली नाही. मी मेव्हणा, म्हणजे कायमचा पावणं.

एका स्पर्धेत त्यांचंच एक काडतूस माझ्या पिस्तुलात अडकलं. पुंगळी केसभर जाड राहिली होती. माझी लय गेली ती गेलीच. दाजी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत, आणि दाजी गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय हे आम्हाला ठाऊक होतं. पुढच्याच आठवड्यात ते एक पोलादी ठोकळा घेऊन घरी आले. साधारण अर्ध्या विटेएवढा, वर ओळीनं भोकं. प्रत्येक भोक पिस्तुलाच्या नळीत काडतूस जिथं बसतं त्या मापाचं. काडतूस वरून सोडायचं. स्वतःच्या वजनानं खाली गेलं आणि बूड ठोकळ्याच्या सपाटीला आलं, की पास. वर डोकं काढून राहिलं, की नापास. सगळी भोकं भरली की दाजी डोळे मिटून ठोकळ्यावरून बोट फिरवत. जे काडतूस बोटाला लागेल ते बाहेर. डोळे मिटण्याचं खरं कारण वेगळं होतं. वाचायचा चष्मा लागला होता आणि तो लावणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

त्या साली जिल्ह्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. माझं वय वाढत होतं, पोटही. यंदा संघात आलो नाही तर पिस्तूल कायमचं ठेवून देईन, असं मी घरी कबूल करून बसलो होतो. दाजींनी माझ्यासाठी म्हणून काडतुसं भरली होती आणि तपासणी तेवढी बाकी होती. दसऱ्याला संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "पावणं, उद्याचं काय खरं न्हाई. सगळी नापास हायती. एक बी बसंना झालंय."

मी स्कूटर काढून तसाच गेलो. बघतो तर दाजी खिडकीतल्या आपल्या नेहमीच्या जागेवर काडतुसं एकेक करून खोलत बसलेले, समोर शिशाच्या गोळ्यांचा ढीग. मी म्हणालो, एखाद-दुसरं चुकेल, सगळी कशी चुकतील? तर म्हणाले, चूक माझी असंल, गेजाची न्हाई. हयातभर दुसऱ्यांच्या मालाला गेज लावून परत पाठवणारा माणूस. स्वतःच्या मालाला सूट कुठून देणार? मला रडू यायचंच बाकी होतं. उगाच हाताला चाळा म्हणून मी एक पुंगळी दिव्याखाली धरली. तिच्या अंगावर लाल रेघ. दुसरीवर तशीच. तिसरीवर लालच्या जोडीला पिवळं.

ताई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या विळीपासून दाजींच्या पान्यांपर्यंत सगळ्यांची तिनं पूजा केली होती. पिस्तुलाला ती हात लावत नसे, म्हणून त्याचा मान तिनं ठोकळ्याला दिला. काडीनं प्रत्येक भोकात ओलं हळद-कुंकू लावलं, आणि ह्यांना डाग खपत नाहीत म्हणून वरून मात्र लख्ख पुसून ठेवलं. आत ते वाळून खडखडीत झालेलं. आणि दाजी चष्म्याविना, डोळे मिटून, बोट फिरवत बसलेले.

दाजी ठोकळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एकाला विसरली असतीस तर कळलं तरी असतं की गं."

"देवाच्या कामात डावं-उजवं करत्यात व्हय?" ताई म्हणाली.

आधी दाजी हसले की मी, आठवत नाही. पोट दुखेपर्यंत हसलो. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन भोकं साफ करायला बसलो. खोलायची राहिलेली काडतुसं एकामागून एक सरळ आत गेली. स्पर्धेपुरती होती, सरावाला एकही नाही. कोपऱ्यातल्या शेवटच्या भोकाशी मी ब्रश नेला तर दाजींनी माझा हात धरला. "तेवढं ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी एकही काडतूस अडकलं नाही आणि संघाच्या यादीत शेवटचं नाव माझं लागलं. दाजी त्याचं श्रेय कुंकवाला देत गावभर फिरले. तेव्हापासून ते कोपऱ्यातलं भोक रिकामंच राही आणि शेवटचं बोट ताईचं फिरे. तिचं बोट आपल्या बोटापेक्षा हुशार आहे, हे दाजींनी चारचौघांत कबूल केलं. चष्मा मात्र शेवटपर्यंत लावला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर पिस्तूल आणि उरलेली काडतुसं सरकारजमा करायची होती. कागद घेऊन मी गेलो. दाजींनी शेवटची भरलेली काडतुसं कपाटात तशीच होती, तपासायची राहिलेली. मी पेटी उचलली तर ताई म्हणाली, "थांब. बघून देते."

ही आता कुणीच उडवणार नव्हतं. पण मी पेटी तिच्यापुढं ठेवली. तिनं एकेक काडतूस ठोकळ्यात सोडलं, कोपरा वगळून. मग डोळे मिटले आणि बोट फिरवलं... सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बोट कुठंच अडलं नाही.

"सगळी बसल्यात," ती म्हणाली. "ने आता."

मी काडतुसं पेटीत भरली. ठोकळा तिनं पदरानं पुसला आणि विचारलं, ह्याला परवाना लागतो का? म्हटलं, न्हाई ताई, लोखंडच हाय ते.

"मग ऱ्हाऊ दे," ताई म्हणाली, आणि तिनं तो खिडकीत दाजींच्या जागेवर ठेवला.