सा दोनदा आला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझं सगळं न सांगता कळतं, एवढं एक सोडून.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. त्याशिवाय माझ्याच्यानं कबुलीसुद्धा देववत नाही. आमच्या भिवंडीत, जिथे लूमच्या खडखडाटात शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं, तिथे पाश्चात्त्यांचं बारा सुरांचं संगीत समजणारा एकच माणूस आहे. तो मी. एका दुकानाच्या माडीवर पेटीचे क्लास घेतो.

ते संगीत पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं तेव्हा मी मोबाइल दुरुस्तीला टाकला होता. दुकानदार म्हणाला, "मास्तर, स्पीकर एकदम ओके है. गाना ही ऐसा है." मग मी इरेला पेटलो. दोन वर्षं घासली. आणि समजलं — खरंच समजलं हो, त्यात खोट नाही. आपल्याकडे सा म्हणजे घर. कुठेही भटका, शेवटी तिथेच यायचं. त्या मंडळींनी घरच काढून टाकलं. पेटीवरचे बाराही सूर — सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र — आपल्याला हव्या त्या क्रमानं ओळीत उभे करायचे, आणि एक वाजला की बाकीचे अकरा वाजून होईपर्यंत त्यानं पुन्हा तोंड दाखवायचं नाही. का? कारण एखादा सूर लवकर परतला की कान त्यालाच घर मानून बसतो. मग तीच ओळ शेवटाकडून वाजवा, चढ असेल तिथे उतार करा, पण शिस्त मोडायची नाही. लोक म्हणतात, ही तर मनमानी. कसली मनमानी? आपले राग थोडी तरी सूट देतात; इथे ती नाही.

मला दोन वर्षं लागली. सुमनला किती लागली असतील?

सुमन माझी शिष्या. पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरची. आईबाप नाचणी लावायचे, उरलेल्या दिवसांत मजुरीला जायचे. पंचविशीची ही बाई दोन जीप बदलून आठवड्यातून दोनदा क्लासला यायची. मी तिला बारा सुरांचं हे सगळं हातवारे करून समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे टँकरवानी, गुरुजी. एकदा हंडा भरला का बाकीच्या अकरा जनींचा भरंपरंत आपला नंबर न्हाय. मंग कोनी मोठी न्हाय, कोनी ल्हान न्हाय."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि व्याख्यानात स्वतःचं म्हणून ठोकून दिलं. — थांबा, हा तो गुन्हा नव्हे. हा नुसता नमुना.

व्याख्यान वाचनालयाच्या सभागृहात होतं. आधी मी बोलणार, मग स्वतः रचलेली बारा सुरांची ओळ पेटीवर वाजवणार. पहिल्या रांगेत राहनाळकडच्या एका शाळेचे सचिव बसले होते. त्यांना संगीतशिक्षक हवा होता. मी सुमनचं नाव सुचवलं होतं आणि ते म्हणाले होते, "तुम्ही म्हणाल ती." सुमननं पाड्यावर सांगूनही टाकलं होतं.

आता, भिवंडीत पेटीवाल्याचा एक खास शत्रू असतो — कापूस. लूममधून उडतो, हवेत तरंगतो आणि पेटीत शिरून सुरांच्या पितळी पट्ट्यांवर ठाण मांडतो. दर आठवड्याला पेटी उघडून झटकावी लागते. त्या आठवड्यात मी झटकली नाही. निमंत्रणपत्रिकेवरचं स्वतःचं नाव बघण्यातून सवड कुणाला होती?

माझ्या ओळीत चौथा सूर सा. तो झाला. नववा तीव्र मध्यम. दाबला — नुसता वारा! माझी पेटी जुनी, एकेरी सुरांची. एक पट्टी बसली की संपलं. वरच्या सप्तकातला तीव्र मध्यम वाजवला असता तरी चाललं असतं, सप्तक कुठलंही चालतं, हे मीच तर अर्ध्या तासापूर्वी लोकांना सांगितलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय — घाबरलेलं बोट पळालं कुठे? घरी. थेट सा वर. ज्या संगीताला घरच नाही, तिथे मी घरी जाऊन बसलो! ओळ उलटी वाजवताना तर त्या जागी मुद्दामच पुन्हा सा लावला. एकदा होते ती चूक, दोनदा केली की शैली.

काय टाळ्या पडल्या म्हणता! मी ऐटीत म्हणालो, "कुणाला काही शंका?"

सुमन उठली. "गुरुजी, ओळीत सा दोनदा आला. तीव्र मध्यम आलाच न्हाय."

कळतंय का तुम्हाला, हे काय आहे? तंबोरा नाही, राग नाही, धरायला कसला आधार नाही, आणि प्रथमच ऐकलेल्या ओळीतला गळालेला सूर तिनं नावानिशी सांगितला. मलाही ते जमलं नसतं. आजही सांगताना माझी छाती फुगते. असा कान मी घडवला — छे, बघा, पुन्हा सुरू झालो. तो ती पाड्यावरून घेऊनच आली होती.

मी काय म्हणालो? म्हणालो, "अगं बाई, हा काही तुमच्या पाड्यावरचा तारप्याचा नाच नव्हे. याला तयार कान लागतो."

सभागृह हसलं. सचिवही हसले. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "हीच का ती?" मी म्हणालो, "हीच. जरा कच्ची आहे अजून." जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

भर सभेत माणूस गांगरतो, असं म्हणाल तुम्ही. म्हणू नका. कारण दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली. माझ्यासमोर पेटी उघडी होती; कापसाचा बोळा मी नुकताच चिमट्यानं काढला होता, तो मुठीतच होता.

"नोकरीचं जाऊं द्या, गुरुजी," ती म्हणाली. "येवडंच सांगा. दोनदा आला व्हता ना?"

खोलीत आम्ही दोघंच. हसणार कोण होतं? माझं जाणार काय होतं?

"नाही," मी म्हणालो.

तिनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग माझाच कान खराब हाय." वाद नाही, रडणं नाही. माझ्यावर विश्वास ठेवून ती जिना उतरली, आणि पुन्हा आली नाही.

माझं मात्र नाव झालं. त्या ओळीची वाहवा अजून होते; मीही मान तुकवून ती घेतो.

गेल्या वर्षी पडघ्याच्या बाजारात सुमन भेटली. वालाच्या शेंगा निवडत होती. आता भिवंडीजवळच पूर्ण्याला एका गोदामात पार्सलं लावते. मी विचारलं, "गातेस की नाही?"

"न्हाय गुरुजी. हळदीला बाया बोलावतात, पन मला माझंच कळत न्हाय, सूर लागला का न्हाय."

हीच वेळ होती. दोन शब्दांचं काम होतं. मी तोंड उघडलं — आणि तिला सांगितलं, की पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे, नक्की ये.

ती आली. शेवटच्या रांगेत बसून तिनं टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.